व्हॅलमोरचा सज्जा

व्हॅलमोर कॅसल, पेनसिल्व्हेनिया
शनिवार, १२ एप्रिल २०२५

मालिनीताईंना नागनाथ धोत्रेचा नमस्कार.

डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं आणि दुसऱ्या डोळ्यानं तुम्हाला वाचता येतं, असं तुमची रुपाली म्हणाली. म्हणून अक्षर मोठं काढतोय. नातीचं लग्न जिथं व्हायचं ती जागा व्याह्यांनी नीट बघावी आणि मला लिहून कळवावी, असा निरोप तुम्हीच धाडला होता. व्याही होऊन आपल्याला एकोणतीस वर्षं झाली, पण दिवाळीच्या कार्डापलीकडे मी तुम्हाला काही लिहिलेलं नाही. फोनवर मला ऐकू येत नाही, आणि समोरासमोर आपण दोघंही जरा जपूनच बोलतो. तेव्हा चूकभूल पोटात घाला.

काल दुपारी पोचलो. विक्रम, रुपाली आणि मी शुगर लँडहून, आपली नात आन्या आणि तिचा नेथन न्यूयॉर्कहून गाडीनं. हा महाल मुळात फ्रान्समधला. पाचशे वर्षांपूर्वी कुणा सरदारानं बांधलेला. शंभर वर्षांपूर्वी इथल्या एका कोळशाच्या खाणमालकानं तो विकत घेतला, दगडन् दगड उतरवला, प्रत्येकावर आकडा घातला, जहाजातून आणला आणि या डोंगरावर जसाच्या तसा पुन्हा रचला. आता त्याचं हॉटेल आहे. माझी खोली गोल बुरुजात आहे. पलंग इतका उंच की चढायला दोन पायऱ्यांचं लाकडी स्टूल ठेवलंय. खिडकीपाशी भिंतीची जाडी मोजली, पाच विती भरली.

रुपाली म्हणाली, "आप्पा, व्ह्यू बघा ना," पण माझं लक्ष दगडावर. खिडकीच्या चौकटीवर छिन्नीचे घाव अजून दिसतात. सगळे उजवीकडून डावीकडे उतरलेले. म्हणजे घडवणारा डावखुरा होता. मी त्या घावांवर बोट ठेवून बराच वेळ उभा राहिलो. गोल जिन्याच्या बासष्ट पायऱ्या आहेत, एकेक पायरी एकाच दगडातली, मधल्या खांबाचा तुकडासुद्धा त्याच दगडात कोरलेला. असं काम मी जन्मात पाहिलं नव्हतं. सत्तर वर्षांच्या पुढं असं काही बघायला मिळालं, याचा मला फार आनंद झाला.

लग्न खालच्या चौकात लागेल. चौकावर पहिल्या मजल्याच्या उंचीला चाळीस फूट लांब दगडी सज्जा आहे, नक्षीदार कठड्याचा. मंगलाष्टकं झाली की दोन्हीकडची साठ-पासष्ट माणसं वर सज्ज्यात उभी करून खालून फोटो काढायचा, असं आन्याच्या मनात आहे.

त्या सज्ज्याच्या कठड्यावर मी हात ठेवला. दगड बद्द लागला, आतून तडकल्यासारखा. विक्रमला सांगितलं. तो म्हणाला, इथं सगळं इन्स्पेक्ट झालेलं असतं. मग मी विषय सोडला.

बाकी जेवणखाण उत्तम. डोळ्यात औषध वेळेवर घालत जा.

आपला,
नागनाथ

---

वेस्ट विंडसर, न्यू जर्सी
२१ एप्रिल २०२५

नागनाथराव, नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तो डावखुरा माणूस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, मुलांकडून वर्णनाचे निबंध लिहून घेतले, पण खिडकीकडे असं बघणारा विद्यार्थी मला भेटला नाही.

आता जे लिहायचंय ते अवघड आहे. तुम्ही लिहिलंत, विषय सोडला. रुपालीनं फोनवर वेगळं सांगितलं. तुम्ही हॉटेलच्या मॅनेजरबाईंना सगळ्यांसमोर सांगितलंत की हा सज्जा पडेल. त्यांनी इन्स्पेक्शनचा कागद दाखवला, तो तुम्ही बाजूला सारलात. आन्या फोटोग्राफरला घेऊन वर निघाली, तेव्हा तुम्ही जिन्याच्या तोंडाशी दोन्ही हात आडवे लावून उभे राहिलात. "आजोबा, प्लीज, यू आर एम्बॅरसिंग मी," असं ती म्हणाली ते तुम्हाला ऐकू आलं नसेल. शेवटी विक्रमनं तुम्हाला दंडाला धरून खाली आणलं. पोरगी न्यूयॉर्कपर्यंत रडत गेली.

नागनाथराव, मी स्पष्ट विचारते. तुम्हाला नेथन पसंत नाही का? तो आपल्यातला नाही, आपली भाषा त्याला येत नाही, हे मनात असेल तर मला ते समजतं. कुणापेक्षाही जास्त मला समजतं. शहाण्णव साली विक्रम-रुपालीच्या लग्नाची तारीख मी तीन वेळा पुढं ढकलली होती, आठवतं? एकदा रुपालीला गुरुबळ नव्हतं, एकदा माझं ब्लडप्रेशर वाढलं होतं, एकदा हॉल मिळत नव्हता. हॉल मिळत होता. मला तुमचं घर नको होतं. तेव्हा ते तोंडानं म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून मी कारणं शोधत राहिले. त्या एका वर्षात माझी मुलगी माझ्यापासून जेवढी लांब गेली, तेवढं अंतर अजून पूर्ण भरलेलं नाही.

तुम्ही ती चूक करू नका. दगडाचं कारण पुढं करू नका. जे असेल ते पोरीशी सरळ बोला.

राग मानू नये.

मालिनी

---

शुगर लँड, टेक्सस
२९ एप्रिल २०२५

मालिनीताई,

राग आला होता. दोन दिवस गेला नाही. मग वाटलं, एवढं स्वतःचं उघड करून ज्या बाईनं लिहिलं, तिला खरं उत्तर द्यायला हवं.

नेथनबद्दल माझ्या मनात काही नाही. त्या दिवशी सगळे माझ्याकडे पाठ करून उभे होते, तेव्हा तो एकटा जवळ आला आणि फोनवर मराठीत उमटवून त्यानं मला दाखवलं, "तुमचा हात काय म्हणाला?" मशीनची मराठी, पण प्रश्न बरोबर होता. तो पोरगा मला आवडतो.

आता दगडाचं. आमचा समाज दगडावर जगला. माझा बाप गावोगाव जाऊन पाटे-वरवंटे घडवायचा, जात्यांना टाकी लावून द्यायचा. मी दहा वर्षांचा असताना हातात छिन्नी आली. पुढं देवळांच्या डागडुजीच्या कामांवर गेलो, मग खाणीत. सुरुंगांनी कान नेले. दुसरे गवंडी दगडावर हातोडी मारून कानानं ऐकतात. माझे कान गेल्यावर मी एका हातानं हातोडी मारतो आणि दुसऱ्या हाताचा तळवा दगडावर ठेवतो. चांगल्या दगडातून झिणझिणी सरळ कोपरापर्यंत येते. आतून फुटलेल्या दगडात ती मध्येच मरते. व्हॅलमोरला माझ्याकडे हातोडी नव्हती, खोलीची जड किल्ली होती. तेवढी पुरली.

तिथं काय झालंय ते मी अंदाजानं सांगू शकतो. जुन्या लोकांनी दोन दगड जोडताना मध्ये लोखंडाची पट्टी घातली, तर तिच्याभोवती शिसं ओतलेलं असतं. पाणी आत जात नाही. आपल्याकडच्या जुन्या देवळांतही मी हे बघितलंय. पण शंभर वर्षांपूर्वी महाल इथं पुन्हा रचताना घाई झाली असणार. नुसतं लोखंड घालून वर सिमेंट भरलंय. लोखंड गंजलं की फुगतं आणि दगडाला आतून फोडतं. कठड्याच्या खाली तांबूस ओघळ आहेत. बाहेरून दगड अखंड दिसतो.

आणखी एक गोष्ट विक्रमलाही मी कधी सांगितलेली नाही. चौऱ्याऐंशी साली एका धर्मशाळेच्या कामावर मी दरवाजावरच्या दगडी तुळईला हात लावला आणि ती मेलेली आहे हे मला कळलं. साहेबाला सांगितलं. तो म्हणाला, तू तुझं काम कर. मी गप्प बसलो. साहेबापुढं दुसऱ्यांदा तोंड उघडायची आमची रीत नव्हती. तिसऱ्या दिवशी तुळई खाली आली. खाली माझा चुलतभाऊ शिवा होता. बावीस वर्षांचा.

म्हणून मी जिन्यात आडवा उभा राहिलो. पोरगी रडली याचं वाईट वाटतं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा उभा राहीन.

माझं एक काम करा. मला इंग्रजी लिहिता येत नाही, आणि विक्रमला मी आता सांगणार नाही. तुम्ही हॉटेलला माझ्या नावानं पत्र लिहा. वर सांगितलं ते सगळं घाला, आणि मी कोण आहे तेही घाला. पाथरवट लिहा. तुमच्या पुण्याच्या नातेवाइकांत मी सिव्हिल कॉन्ट्रॅक्टर आहे, हे मला पहिल्या दिवाळसणापासून माहीत आहे. या पत्रात ते नको. कॉन्ट्रॅक्टरचं म्हणणं ते ऐकणार नाहीत.

नागनाथ

---

शुगर लँड
२६ मे २०२५

मालिनीताई,

महिना झाला, तुमचं उत्तर नाही. कॉन्ट्रॅक्टरबद्दल लिहिलं ते लागलं असेल. लिहायला नको होतं. पत्राचं काम जमणार नसेल तर राहू द्या, मी दुसरी वाट बघतो. डोळ्याला जपा.

नागनाथ

---

वेस्ट विंडसर
५ जून २०२५

नागनाथराव,

लागलं. पण उत्तर न देण्याचं कारण ते नव्हतं. हातात काही असल्याशिवाय लिहायचं नाही, असं मी ठरवलं होतं. आता हातात आहे.

तुमचं पत्र वाचलं त्या रात्रीच मी मसुदा करायला बसले. "मी एक पाथरवट आहे" हे इंग्रजीत पहिलं वाक्य लिहिलं आणि थांबले. माझ्या हातानं हे कधी लिहिलं जाईल असं मला वाटलं नव्हतं. मग वाटलं, या वाक्यासारखं दुसरं सुरुवातीचं वाक्यच नाही. ते तसंच ठेवलं. शिवाचं लिहिलं. लोखंडाचं, शिशाचं, तांबूस ओघळांचं लिहिलं. सात मे रोजी रजिस्टर्ड पोस्टानं पाठवलं. चार आठवडे काही उत्तर नाही. दोनदा फोन केला, तर "आम्ही तुमचा अभिप्राय नोंदवून घेतला आहे," असं एका गोड आवाजाच्या मुलीनं सांगितलं.

काल सकाळी मी सुनेला म्हणाले, "नैना, मला त्या कॅसलवर घेऊन चल." ती म्हणाली, "आई, दोन तासांचा ड्राइव्ह आहे, आणि अपॉइंटमेंट नाही." मी म्हटलं, चहा प्यायला कुणी अपॉइंटमेंट घेतं का? बिचारीनं मीटिंग कॅन्सल केली आणि गाडी काढली.

मी त्यांच्या त्या मोठ्या दिवाणखान्यात चहा मागवला आणि बसून राहिले. मॅनेजरबाई बिझी होत्या. एक तास झाला, दोन झाले. मी पत्राची प्रत पर्समधून काढून टेबलावर ठेवली आणि वेटरला सांगितलं, की बंद होईपर्यंत मी इथंच आहे. शिक्षिकेला बसून राहण्याचा कंटाळा येत नाही. तिसऱ्या तासाला त्या आल्या. चांगल्या बाई आहेत, पण घाबरलेल्या. ऑक्टोबरपर्यंत दर शनिवारी तिथं लग्न आहे. त्या पुन्हा तो कागद दाखवू लागल्या. मी म्हटलं, कागद मी पाहिला, आता तुम्ही हा बघा, आणि तुमच्याकडे दगडाचं काम जो बघतो त्याला दाखवा.

नेमका याच आठवड्यात त्यांचा गवंडी चिमणीच्या कामाला आलेला होता. वॉल्टर नाव. तुमच्याच वयाचा असेल, बोटं जाड, भुवयांवर पांढरी धूळ. त्यानं उभ्याउभ्या पत्र वाचलं, मग खुर्ची ओढून पुन्हा वाचलं. सगळ्यात जास्त वेळ तो शिवाच्या परिच्छेदावर थांबला. मग मॅनेजरबाईंना म्हणाला, "मी या माणसाला भेटल्याशिवाय वर एकालाही जाऊ देऊ नका."

सज्ज्याला कालपासून दोरी लावली आहे. तुम्हाला तेवीस तारखेला बोलावलंय, राहायला खोली त्यांची. आणि मी विक्रमला सगळं सांगितलं आहे, शिवासकट. तुमची परवानगी घेतली नाही. तो एवढंच म्हणाला, "मी घेऊन जातो आप्पांना."

मालिनी

---

व्हॅलमोर कॅसल
२५ जून २०२५

मालिनीताई,

दोन दिवस हातोडी हातात होती. अक्षर सांभाळून घ्या.

परवा इथं पोचलो. वॉल्टर दारातच उभा होता. त्यानं माझा हात हातात घेतला आणि उलटा करून तळव्याचे घट्टे बघितले. मी त्याचे बघितले. ओळख झाली.

काल सकाळी काम. सज्ज्याखाली परांची बांधली होती. वॉल्टर म्हणाला, आपण दोघांनी वेगवेगळं तपासायचं, आपापल्या कागदावर खुणा करायच्या आणि शेवटी जुळवायच्या. विक्रम माझ्याबरोबर होता. वॉल्टर बोलेल ते तो वहीत मराठीत लिहून मला दाखवायचा. कित्येक वर्षांनी त्यानं मराठी अक्षर काढलं असेल, वेलांट्या चुकत होत्या, पण मला सगळं कळत होतं.

आधी वॉल्टर गेला, कानानं. मग मी, हातानं. कठड्याचे खांब, वरच्या पट्ट्या, खालचे टेकू, सगळं. दीड तास लागला. मॅनेजरबाई खाली उभ्या होत्या, हाताची घडी घालून. कागद जुळवले. वॉल्टरचे सहा दगड, माझे सात. सहाच्या सहा तेच. सातवा दगड म्हणजे सज्ज्याच्या मधोमध असलेला मोठा टेकू, सगळ्यांत सुबक, एका सिंहाचं तोंड कोरलेला. वॉल्टरनं पुन्हा जाऊन हातोडी मारली, कान लावला. मान हलवली. हा चांगला आहे म्हणाला.

मी म्हटलं, नाही.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला त्या क्षणी चौऱ्याऐंशी साल आठवलं. तेव्हा मी खाली मान घातली होती. काल मी वॉल्टरचा हात धरला, सिंहाच्या मानेवर ठेवला, आणि दुसऱ्या बाजूनं हातोडी मारली. एकदा, दोनदा, तीनदा. मग त्याचा हात उचलून शेजारच्या टेकूवर ठेवला आणि तिथं मारली. त्यानं डोळे मिटले. पुन्हा सिंहाकडे गेला, या वेळी स्वतःच तळवा ठेवला. मग विक्रमला काहीतरी म्हणाला. विक्रमनं वहीत लिहिलं, "तो म्हणतो, हाच आधी उघडू."

दुपारी सज्ज्याला खालून आधार देऊन तो दगड बाजूला काढला. काढताना त्याचे दोन तुकडे झाले, कुणी हात न लावता. आतलं लोखंड मनगटाएवढं फुगलं होतं. एका बाजूला तर दगड उरलाच नव्हता, नुसती माती होती. सिंहाचं तोंड बाहेरच्या दोन बोटं जाडीच्या सालीवर टिकून होतं. आन्या आणि नेथन ज्या जागी उभे राहणार होते, ती जागा बरोबर त्याच्यावर.

मॅनेजरबाई माझ्याजवळ आल्या आणि हात जोडले. त्यांना कुणी शिकवलं कोण जाणे. बाकीचे सहाही आज काढले. सगळ्यांत तेच निघालं. सज्जा आता पुरता बंद, पुढच्या महिन्यांची लग्नं बागेत.

संध्याकाळी विक्रम माझ्याशेजारी बसला. वही घेतली. मग लिहिलं, "आप्पा, त्या दिवशी मी तुम्हाला दंडाला धरून खाली आणलं. माझं चुकलं. शिवाकाकांचं मला का नाही सांगितलं?" मी म्हटलं, तुला शिकवून साहेब करायचं होतं, साहेबांची भीती नव्हती द्यायची. मग आम्ही दोघं तिथंच बसलो. त्यानं माझ्या पिशवीतली हत्यारं काढून एकेक पुसली. लहानपणी पुसायचा तशी.

आता खरी बातमी. सातही दगड नव्यानं घडवायचे आहेत. वॉल्टरला मदतनीस हवा आहे आणि त्याला दुसरा कुणी नको. इंडियानातून चुनखडीचे ठोकळे येतील. मी इथंच राहणार, बुरुजातल्या त्याच खोलीत, सप्टेंबरअखेरपर्यंत. सिंह मला दिलाय.

हे तुमच्या पत्रामुळं झालं. तुमच्या तीन तासांमुळं झालं.

नागनाथ

---

वेस्ट विंडसर
१२ जुलै २०२५

नागनाथराव,

थोडक्यात लिहिते, दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन परवा आहे.

काल पुण्याहून माझ्या धाकट्या बहिणीचा, अहिल्याचा फोन आला. लग्नाला येणार आहे. तिनं विचारलं, "तयारीच्या फोटोंत व्याही दिसत नाहीत, कुठं आहेत?" मी म्हटलं, पेनसिल्व्हेनियात, एका महालात दगड घडवताहेत. ती म्हणाली, "म्हणजे कॉन्ट्रॅक्ट घेतलंय?" मी म्हटलं, "नाही. ते पाथरवट आहेत. पहिल्यापासून. मी तुम्हा सगळ्यांना खोटं सांगत होते." ती म्हणाली, "अगं, मग एवढी वर्षं का लपवलंस?" फोन ठेवल्यावर मला फार हलकं वाटलं, आणि मी नैनाला वरण-भातावर जास्त तूप घालायला सांगितलं.

आन्या तुमच्याकडे शनिवारी येतेय. तिला काय बोलावं सुचत नाहीये. तुम्ही काही विचारू नका, तिला फक्त तो फुटलेला दगड दाखवा.

मालिनी

---

व्हॅलमोर कॅसल
२८ सप्टेंबर २०२५

मालिनीताई,

काम संपलं.

आन्या जुलैपासून चार वेळा आली. पहिल्यांदा आली तेव्हा तिनं फुटलेल्या सिंहाच्या आतल्या भेगेत बोट घातलं, काढलं, बोटावरचा गंज बघितला आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. दुसऱ्या खेपेला नेथनला घेऊन आली आणि दोघांनी छिन्नी मागितली. नेथनचा हात जड आहे. पोरीचा चांगला आहे. आमचा हात तिच्यात उतरलाय, सॉफ्टवेअर कंपनीत वाया जातोय.

सिंहाला मला एकोणतीस दिवस लागले. जुन्याच्या मापात तोच जबडा, तीच आयाळ. एक गंमत सांगतो. आयाळीचे मूळ घावही उजवीकडून डावीकडे उतरलेले होते. खिडकीवाला तोच कारागीर. मी उजवा, त्यामुळं ती बाजू घडवताना दगडाच्या पलीकडे जाऊन वाकडं उभं राहावं लागायचं. कंबर धरली. वॉल्टरनं खुणेनं सांगितलं, सरळ उभा राहून घडव, कुणाला कळणार आहे? मी नाही ऐकलं. लोखंड कुठंच घातलेलं नाही, सगळीकडे न गंजणाऱ्या स्टीलच्या पट्ट्या, आणि भोवती शिसं. शिसं वॉल्टरनं ओतलं.

परवा वजनाची परीक्षा झाली. काउंटीचे इंजिनिअर आले होते. दीडशे माणसांच्या वजनाची पाण्याची पिंपं सज्ज्यावर भरून ठेवली आणि एक दिवस तशीच राहू दिली. खाली घड्याळासारखी यंत्रं लावली होती, किती वाकतो ते मोजायला. मी झोपलो नाही. सकाळी इंजिनिअरनं आकडे वाचले. केसभर वाकला होता, आणि पिंपं रिकामी केल्यावर होता तिथं परत आला. त्यानं सही केली. मग माझ्याकडे बघून त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

विक्रमनं हे सगळं फोनवर रेकॉर्ड केलंय. ऑफिसात कुणाकुणाला दाखवलं म्हणे. नावाखाली काय लिहू, असं मला विचारत होता. मी म्हटलं, तुझ्या सासूबाईंना विचार, त्यांनी एकदा बरोबर लिहिलंय.

लग्नाला भेटू. आता दोन्ही डोळ्यांनी बघा.

नागनाथ

---

वेस्ट विंडसर
१३ ऑक्टोबर २०२५

नागनाथराव,

दोन दिवसांपूर्वी आपण एकाच चौकात उभे होतो, तरी पत्र लिहितेय. कारण परवा जे घडलं त्यातलं निम्मं तुम्ही पाहिलंत, पण ऐकलं नाहीत. ते कुणीतरी तुम्हाला सांगायला हवं. तुमचं पहिलं पत्र मी न पाहिलेल्या गोष्टींचं होतं. हे तुम्ही न ऐकलेल्यांचं.

मंगलाष्टकं मी म्हटली. शेवटच्या कडव्याला माझा आवाज चिरकला, ते तुम्हाला ऐकू आलं नाही ही देवाची कृपा. नेथनच्या आईनं त्यांच्या भाषेतला आशीर्वाद दिला आणि "सावधान" हा शब्द अगदी शुद्ध म्हटला. रुपाली तेव्हा माझा हात धरून उभी होती. एकोणतीस वर्षांत तिनं तो इतका वेळ धरलेला नव्हता.

मग फोटोची वेळ झाली. जिन्यावरून लोक वर जायला लागले, तेव्हा अहिल्या माझ्या कानाशी म्हणाली, "ताई, पडणार नाही ना?" मी म्हटलं, तू माझ्या पुढं चल. सज्ज्यात पाय ठेवला आणि मी मुद्दाम मधोमध गेले, सिंहाच्या बरोबर वर. चौसष्ट माणसं होती. नैना मोजत होती. फोटोग्राफर खालून ओरडत होता, आणखी जवळ या, आणखी. सगळे हसत होते, साड्यांचे पदर एकमेकींत अडकत होते, वॉल्टरचा टाय कुणीतरी सरळ करत होतं.

तुम्ही नव्हतात. तुम्ही खाली चौकात एकटे उभे होतात, मान वर करून, दगडांच्या सांध्यांकडे बघत. विक्रमनं हाक मारली. रुपालीनं मारली. तुम्हाला ऐकू आलं नाही. मग आन्यानं फोटोग्राफरला थांबायला सांगितलं. हिरव्या शालूत, हातभर चुडा, दोन्ही हातांनी निऱ्या धरून ती एकटी गोल जिना उतरून खाली गेली आणि तुमचा हात धरला. एवढं तुम्हाला माहीत आहे. ती हात धरून जिन्यानं वर नेत होती, तेव्हा वर काय चाललं होतं ते सांगते.

नेथनच्या काकांनी विचारलं, हे कोण? विक्रमनं उत्तर दिलं. मोठ्यानं, इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माझे वडील. ते स्टोनमेसन आहेत. आपण सगळे ज्याच्यावर उभे आहोत, ते त्यांनी बांधलंय." मी विक्रमचा आवाज इतका मोठा कधी ऐकला नव्हता. लोकांनी आपोआप खाली, पायांकडे बघितलं. कुणीतरी चप्पल काढली. मग आणखी एकानं. तुम्ही वर आलात तेव्हा निम्मे लोक अनवाणी होते. तुम्हाला वाटलं असेल, आपल्याकडच्या लग्नाची रीत. तशी रीत नव्हती.

तुम्ही आलात आणि नेहमीप्रमाणे लोकांकडे बघितलंच नाहीत. सरळ कठड्याशी गेलात, वाकलात, बाहेर डोकावून एका सांध्यावर अंगठा फिरवायला लागलात. तेवढ्यात वॉल्टरनं टाळी वाजवली. एकट्यानं. मग विक्रमनं. मग अहिल्यानं, माझ्या बहिणीनं. आणि मग सगळ्यांनी. खाली चौकात वेटर ट्रे ठेवून वाजवत होते, मॅनेजरबाई दारात उभ्या राहून वाजवत होत्या.

तुम्ही पाठमोरे होतात, म्हणून लिहून कळवते. टाळ्या खूप वेळ चालल्या.

तुमची विहीण,
मालिनी